स्वच्छ काच, फिके प्रवाळ : एका टाकीचं प्रकरण

मित्राच्या घरी खाऱ्या पाण्याची, प्रवाळ वाढवायची काचेची टाकी आहे. त्याने फोन केला आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाला, "सगळे आकडे मस्त आहेत रे, तरी प्रवाळ मरतायत." मी आकडे विचारले. त्याने घडाघडा वाचून दाखवले : नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, अल्कलिनिटी ११.४ डीकेएच, कॅल्शियम ४४०, मॅग्नेशियम १,३२०, तापमान २५.५ अंश, खारेपणा ३५. आवाजात काळजी होती, पण त्या दोन शून्यांचा थोडा अभिमानही होता.

आधी शब्दांबद्दल. मराठीत 'क्षारता' हा शब्द लोक खारेपणालाही वापरतात आणि अल्कलिनिटीलाही. घरातल्या खाऱ्या टाकीत ही दोन मापं वेगळी असतात आणि दोन्ही रोजच्या कामाची. एकाच्या जागी दुसरं समजलं तर टाकी हातची जाते. म्हणून मीठ किती हे सांगताना मी 'खारेपणा' म्हणेन आणि कार्बोनेटचा साठा सांगताना 'अल्क' (ती डीकेएच या एककात मोजतात).

टाकी अडीच वर्षांची. संप, म्हणजे खालची जोडटाकी, धरून आणि दगड-वाळू वगळून निव्वळ पाणी ३०० लिटर. मासे पाच : क्लाउनफिशची जोडी, एक टँग, एक रास, एक रॉयल ग्रामा. दगडांच्या माथ्यावर ॲक्रोपोरा या दगडी सांगाड्याच्या, फांद्याळ प्रवाळाच्या चार वसाहती आणि तसाच एक बर्ड्सनेस्ट, कडेला पापुद्र्यासारखा पसरलेला मॉन्टिपोरा, मधल्या उंचीवर हॅमर आणि टॉर्च हे मांसल प्रवाळ, खाली झोआंथिड आणि एक लेदर हे मऊ प्रवाळ. सगळे दुसऱ्यांच्या टाक्यांत वाढवून कापलेल्या फ्रॅगपासून, म्हणजे छोट्या तुकड्यांपासून, तयार झालेले. (दगडी प्रवाळ सायटिस कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत आणि काही देशांत ते घरी ठेवायलाच मनाई आहे. फ्रॅग घेण्याआधी आपल्याकडचा कायदा बघावा, हे इथेच सांगून टाकतो.)

अल्क आणि कॅल्शियमसाठी दोन कॅनचा डोसर, म्हणजे ठरल्या मापाने द्रावण सोडणारा पंप. एकात खाण्याचा सोडा, लिटरला ८० ग्रॅम. दुसऱ्यात कॅल्शियम क्लोराइड. दोन्ही सारख्याच मापाने, दिवसभरात बारा हप्त्यांत. बरीच वर्षं या छंदात असलेल्याला नावं ठेवायला जागा नव्हती.

प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा पहिली गोष्ट डोळ्यांत भरली ती काच. इतकी लख्ख की पाणी आहे की नाही असं वाटावं. आणि त्या काचेआड दोन ॲक्रोपोरांची टोकं चुन्यासारखी पांढरी, तिसऱ्याची कातडी बुडापासून वर सोलत चाललेली, मॉन्टिपोराचा गडद केशरी रंग उतरून फिकट पिवळा झालेला. हॅमरचे पॉलिप निम्म्याने आखडलेले. लेदर मात्र निवांत. वाळूवर जागोजागी तपकिरी, बुळबुळीत जाळी आणि तिच्यात अडकलेले हवेचे बुडबुडे. मित्राच्या हातात फॉस्फेट शोषून घेणाऱ्या फेरिक ऑक्साइडच्या दाण्यांची, म्हणजे जीएफओची, नवी पिशवी होती. "वाळूवर परत घाण यायला लागलीय," तो म्हणाला, "जुना माल संपला असणार. आज बदलतो."

"आज काहीच बदलू नकोस," एवढंच मी म्हणालो. त्या दिवशी मी दिलेल्यांपैकी हा एकच सल्ला शंभर टक्के बरोबर ठरला.

आधी चुकीच्या दारांवर थापा

माझा पहिला संशय खारेपणावर गेला, आणि तो मी जरा जास्तच वेळ धरून बसलो. मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर आरओच्या पाण्यावर शून्याला लावलेला होता. शून्यावर बरोबर असलेलं यंत्र ३५ वरही बरोबर असेलच असं नाही; ते ३५ च्याच प्रमाणित द्रावणावर लावायचं असतं. लावून पाहिलं. यंत्र एकने जास्त दाखवत होतं, म्हणजे खरा खारेपणा ३४. दुरुस्त करायला हवं, पण तेवढ्यावरून ॲक्रोपोरा कातडी टाकत नाही.

मग पंप. प्रवाहाच्या पंपांचे आणि काच पुसायच्या चुंबकाचे प्लास्टिक कवच तडकलं की आतलं चुंबक गंजतं आणि धातू पाण्यात उतरतात. सगळे पंप उघडून पाहिले, गंज नव्हता. मग कीड. ॲक्रोपोरा खाणारे चपटे किडे कातडीवर गोलसर फिके चट्टे ठेवतात आणि बुडाशी अंड्यांचे तपकिरी पुंजके घालतात. एक वसाहत आयोडीनच्या पाण्यात बुडवून ड्रॉपरने फवारे मारले, खाली पांढरं भांडं ठेवलं. दोन निरुपद्रवी झिंगे आणि थोडी वाळू पडली. दिवे गेल्यावर लाल टॉर्चने दगड धुंडाळले. काहीच नाही.

कोणते प्रवाळ आजारी आहेत याचा क्रमही काही सांगत असतो. वर, प्रखर उजेडात असलेले आणि भराभर सांगाडा घालणारे आधी झिजले होते. खाली, कमी उजेडातले मांसल प्रवाळ मागून. आणि दगडी सांगाडाच नसलेला लेदर ठणठणीत. पाण्यात विष उतरलं असतं, तर त्याने असा पंक्तिभेद केला नसता असं मला वाटलं.

वहिनींची वही

उत्तर एका वहीत होतं. टाकी मित्राची, पण नोंदी वहिनींच्या. दर रविवारी अल्क किती, डोसर किती मिलिलिटरवर, काच कधी पुसली, कोण मेलं. मित्र आकडे मोजायचा, त्या लिहायच्या. मी मागची पानं उलटली.

सात आठवड्यांपूर्वीची नोंद : फॉस्फेट ०.१२, नायट्रेट १२. शेजारी शेरा : 'काच दर दोन दिवसांनी पुसावी लागते. कंटाळा.' त्याच रविवारी मित्राने रिअॅक्टरमध्ये, म्हणजे टाकीचं पाणी ज्यातून फिरतं त्या नळकांड्यात, जीएफओ भरलं, तेही सांगितलेल्या मापाच्या दुप्पट. जोडीला नायट्रेट खाणारे जिवाणू वाढावेत म्हणून रोज व्हिनेगर सुरू केलं. माशांचं खाणं दोन वेळांवरून एका वेळेवर आणलं. नवव्या दिवशी फॉस्फेटचा रंग दिसेनासा झाला, पाचव्या आठवड्यात नायट्रेटचाही. मग, "पाणी एवढं चांगलं आहे तर बदलायचं कशाला," म्हणून साप्ताहिक पाणीबदलही थांबला.

या सगळ्यात वहिनींच्या तीन नोंदी आम्हा दोघांच्या मोजमापांपेक्षा जास्त बोलक्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात : 'काच आठवडाभर पुसली नाही, छान!' पाचव्यात : 'स्किमरच्या कपात चहासारखं पाणी, घट्ट काही नाही.' (स्किमर म्हणजे फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र.) सहाव्यात : 'गोगलगायी तीन मेल्या.' आणि या ओळींच्या शेजारी हा स्तंभ :

आठवडा ० : अल्क ८.२, डोस १३५ मिलि
आठवडा १ : ८.३, डोस १३५
आठवडा २ : ८.६, डोस १३५
आठवडा ३ : ९.३, डोस ११५ केला
आठवडा ४ : ९.९, डोस ११५
आठवडा ५ : १०.७, डोस ९० केला
आठवडा ६ : ११.२, डोस ७० केला
आठवडा ७ : ११.४, डोस ७०

मित्राने हे असं वाचलं होतं : अल्क वाढतेय, डोस कमी करू, सोडा वाचला. डोस जवळपास निम्मा होऊनही अल्क चढतच राहिली याचा अर्थ काय, हा प्रश्न त्याला पडला नव्हता. खरं सांगायचं तर मलाही तो पहिल्या तासात पडला नाही. मी ११.४ कडे बघत बसलो होतो.

दगडी प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून ॲरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका रूपाचा, सांगाडा बांधतो. ही उचल ठरलेल्या प्रमाणात होते : अल्क १ डीकेएच उतरली की कॅल्शियम साधारण ७ पीपीएमने (दहा लाखात ७ भाग) उतरतं. म्हणजे डोसरने दिवसात किती घातलं आणि पातळी किती हलली, ही वजाबाकी केली की टाकीने त्या दिवशी किती सांगाडा घातला ते कळतं. १०० लिटरची अल्क १ डीकेएचने वाढवायला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. या टाकीत १३५ मिलि द्रावणात १०.८ ग्रॅम सोडा जायचा, म्हणजे रोज १.२ डीकेएच. सुरुवातीला पातळी स्थिर होती, तेव्हा खपही तेवढाच. एवढ्या खपातून दिवसाला सहा ग्रॅमहून थोडा जास्त कॅल्शियम कार्बोनेट तयार होतो. अंगठीएवढं वजन रोज दगडावर चढतंय असं समजा. त्यातला काही भाग गुलाबी कोरलाइन शेवाळ आणि गोगलगायींचे शंख घेतात, पण मोठा वाटा प्रवाळांचा.

आता तीच वजाबाकी पुढच्या आठवड्यांना लावली. तिसऱ्या ते चौथ्या आठवड्यात रोजचा डोस १.०२ डीकेएच आणि पातळी रोज ०.०९ने वर, म्हणून खप ०.९३. पाचव्या ते सहाव्यात खप ०.७३. सहाव्या ते सातव्यात ०.५९. सात आठवड्यांत टाकीने बांधकाम निम्म्यावर आणलं होतं. आणि ॲक्रोपोराचं पहिलं टोक पांढरं दिसल्याची नोंद पाचव्या आठवड्यातली. म्हणजे डोळ्यांना दिसायच्या दोन आठवडे आधी वही सांगत होती.

जाणकार वाचक विचारतील : नायट्रेट उतरलं की अल्क थोडी परत मिळते, तो हिशेब धरला का? धरला. १२ पीपीएम नायट्रेट संपलं तर जेमतेम अर्धा डीकेएच मिळतो. इथे सात आठवड्यांत मिळून १२ डीकेएचहून जास्त अल्क कमी खपली होती.

आणि हे अल्कमध्येच का दिसलं, कॅल्शियममध्ये का नाही? कारण कॅल्शियमचा साठा मोठा. अल्क ८.२ वरून ११.४ झाली, म्हणजे जवळजवळ ४० टक्के वाढ. त्याच काळात कॅल्शियम ४२० वरून ४४० : पाच टक्के. घरगुती टेस्ट किटची चूकच तेवढी असते. कॅल्शियमवर नजर ठेवून प्रवाळाची तब्येत ओळखणं म्हणजे तलावाच्या पातळीवरून कळशी मोजणं.

शून्य म्हणजे काय

मग खप का घटला? इथे मित्राशी बराच वाद झाला, कारण फॉस्फेटची भीती त्याने उगीच घेतलेली नव्हती. १९७९ साली किन्सी आणि डेव्हिस यांनी ग्रेट बॅरिअर रीफवरच्या वन ट्री बेटाजवळच्या प्रयोगाचे निष्कर्ष छापले. प्रवाळभित्तीच्या एका छोट्या भागावर त्यांनी आठ महिने रोज काही तास फॉस्फेट आणि नायट्रोजन सोडलं होतं; तिथली सांगाडा घालण्याची क्रिया निम्म्याहून अधिक मंदावली. फॉस्फेटची मात्रा होती लिटरला २ मायक्रोमोल, आपल्या भाषेत सुमारे ०.१९ पीपीएम. तेव्हापासून 'फॉस्फेट म्हणजे शत्रू' हे छंदातलं पाठांतर झालं. खुल्या रीफवरचं पाणी मोजलं तर फॉस्फेट ०.०२ च्याही खाली भरतं. मग टाकीत शून्य केलं तर बिघडलं कुठे?

बिघडलं असं की रीफवर ते ०.०१ पीपीएम सतत येत असतं. लाटेबरोबर दर मिनिटाला नवं पाणी, त्यात प्लवक, माशांची विष्ठा, इतर प्रवाळांची लाळ. ताटात कमी आहे, पण वाढपी हटत नाही. टाकीत तेच तीनशे लिटर पाणी फिरून फिरून येतं, वर जीएफओ प्रत्येक फेरीला ताट चाटूनपुसून घेतं. आपलं किट शून्य दाखवतं तेव्हा समुद्राशी बरोबरी झाली असं वाटतं; प्रत्यक्षात पंगतच उठलेली असते.

प्रवाळाच्या पेशीत राहणारं एकपेशीय शैवाल, झूझँथेली, उजेडावर साखर बनवून यजमानाला देतं. प्रवाळाच्या ऊर्जेचा मोठा भाग असाच येतो. पण नुसत्या साखरेवर अंग धरत नाही. नव्या पेशींना नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या योर्ग वीडेनमान यांच्या गटाने २०१३ साली दाखवलं की फॉस्फेटची उपासमार झालेल्या झूझँथेलीच्या पेशीपटलांतली स्निग्धद्रव्यं बदलतात, आणि मग उजेड व उष्णतेचा ताण आला की प्रवाळ लवकर पांढरा पडतो. नायट्रोजन भरपूर आणि फॉस्फेट नाही अशी स्थिती तर विशेष वाईट. या टाकीत नेमका तोच टप्पा चार आठवडे होता : फॉस्फेट नवव्या दिवशी संपलं, नायट्रेट पाचव्या आठवड्यात.

आता यावर मित्राने काय केलं? प्रवाळ फिके पडतायत म्हणजे उजेड कमी पडतोय असं मानून एलईडी ६० टक्क्यांवरून ७५ वर नेला. मी पार मीटर, म्हणजे प्रवाळाला उपयोगी पडणारा उजेड मोजायचं यंत्र, लावून पाहिलं : वरच्या ॲक्रोपोराजवळ ३३०. पोटभर खाणाऱ्या ॲक्रोपोराला ३३० जास्त नाही. उपाशी असलेल्याला आहे. प्रवाळाचा रंग उजेडाअभावीही बदलतो, पण तेव्हा तो बहुधा तपकिरी, काळपट होतो. झूझँथेली वाढवून जास्त उजेड पकडायला बघतो. फिका पिवळा किंवा पारदर्शक होतो तो उलट्या कारणाने.

पांढऱ्या टोकांचं कारणही याच साखळीत. अल्क ११ च्या वर आणि पोषण शून्य, या जोडीत ॲक्रोपोराची टोकं जळतात हा छंदातला जुना अनुभव आहे. चुना भराभर चढतो, त्यावर कातडी ओढायला अंगात बळ नसतं. भरपूर पोषण असलेल्या टाकीत हीच ११ अल्क खपून जाते. त्यामुळे "तुझ्या टाकीत किती ठेवतोस?" असं विचारून दुसऱ्याचा अल्कचा आकडा उचलणं मला पटत नाही. बाकीचे चार आकडे माहीत नसतील तर त्या एकाला अर्थ नाही.

राहिली वाळूवरची तपकिरी जाळी. मित्राच्या मते घाण. घाण म्हणजे फॉस्फेट. म्हणून आणखी जीएफओ. ड्रॉपरभर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पाण्याच्या थेंबाच्या आकाराच्या पेशी, निमुळत्या टोकाने जणू खुंटीला बांधल्यासारख्या गोल गोल फिरत होत्या. ऑस्ट्रिऑप्सिस, एक डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे शेपटासारख्या तंतूंनी पोहणारा एकपेशीय जीव. पाण्यातलं पोषण शून्यावर गेलं, इतर शेवाळं आणि जिवाणू मागे हटले, की रिकाम्या जागेवर हे येतात. काही जाती विषारी असतात. तीन गोगलगायी लख्ख काचेवर उपाशी मेल्या की या जाळीमुळे, त्याचा निवाडा आता होणार नाही. गंमत म्हणजे झूझँथेलीसुद्धा डायनोफ्लॅजेलेटच. एक घरात राहून पोसतो, दुसरा अंगणात मुक्काम ठोकून उपद्रव देतो. भाऊबंदकी म्हणतात ती ही.

पक्कं करायला डिजिटल यंत्राने फॉस्फेट मोजलं. यंत्र फॉस्फरस पीपीबीत (अब्जात किती भाग) देतं, ३.०७ ने गुणलं की फॉस्फेट. वाचन आलं १, म्हणजे फॉस्फेट ०.००३ पीपीएम. यंत्राची चूकच ५ पीपीबीची, तेव्हा हे शून्यच.

काय केलं

क्रम महत्त्वाचा होता, कारण खचलेल्या प्रवाळाला बरा करणारा बदलही झटक्यात दिला तर धक्काच बसतो.

त्याच दिवशी जीएफओचा रिअॅक्टर बंद केला आणि एलईडी ५० टक्क्यांवर आणला. वर पार २०० च्या आसपास आला. व्हिनेगर मात्र एकदम तोडलं नाही. त्याच्यावर वाढलेले जिवाणू एकाच वेळी मरू नयेत म्हणून दोन आठवड्यांत थोडं थोडं कमी केलं. मासे पुन्हा दोन वेळ जेवू लागले.

अल्क ८.४ पर्यंत उतरवायची होती. सोडा पूर्ण बंद केला असता तर रोज ०.६ ने घसरली असती, त्या प्रवाळांना ते जास्त. म्हणून डोस ७० चा ३५ मिलि केला. खप ०.६, डोस ०.३, घट रोज ०.३. दहा दिवसांत मुक्कामावर. कॅल्शियमचा डोसही बरोबरीने तेवढाच. या हिशेबात कुठे काही थोर नाही, पण तो केल्यावर मित्राचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. आतापर्यंत तो डोसरची कळ अंदाजाने फिरवत होता.

पोषण परत आणायला नुसत्या खाण्यावर विसंबलो नाही. सोडियम नायट्रेट आणि मोनोपोटॅशियम फॉस्फेट, दोन्ही शुद्ध प्रतीचे. ३०० लिटरमध्ये नायट्रेट १ पीपीएमने वाढवायला ४१० मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट लागतं. फॉस्फेट ०.०३ ने वाढवायला मोनोपोटॅशियम फॉस्फेट फक्त १३ मिलिग्रॅम; एवढं घरच्या काट्यावर तोलता येत नाही, म्हणून १.३ ग्रॅम एक लिटर आरओ पाण्यात विरघळवून त्यातले १० मिलि घालायचे. लक्ष्य : नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५.

सोलत चाललेल्या ॲक्रोपोराची कातडी थांबत नव्हती. त्याला वाचवायचा एकच मार्ग म्हणजे जिवंत भागातून कापणं. मेलेल्या रेषेच्या एक सेंटीमीटर वर कटरने तोडून सहा फ्रॅग केले आणि जेल गोंदाने वेगवेगळ्या दगडांवर, जरा खालच्या उजेडात लावले. मित्राला हे जड गेलं. ती वसाहत त्याने अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून वाढवली होती.

या डायनोफ्लॅजेलेटसाठी दिवे बंद ठेवून अंधार करायचा उपाय पुष्कळ लोक सांगतात. आधीच अर्धपोटी असलेल्या प्रवाळांना तीन दिवस काळोखात ठेवायची माझी तयारी नव्हती. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात उतरतात, म्हणून रात्रीच्या वेळी पाण्याच्या वाटेवर यूव्ही दिवा लावला आणि दिवसा दाट विणीच्या पिशवीतून जाळी ओढून काढली, पाणी परत टाकीत. वाळूतच राहणारी जात असती तर यूव्हीचा उपयोग झाला नसता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

नंतर

पहिले दोन आठवडे काहीही सुधारलं नाही. उलट बर्ड्सनेस्ट एका रात्रीत पांढरी झाली आणि टोकं जळलेल्यांपैकी एक ॲक्रोपोरा गेला. रोज फॉस्फेट घालायचो, दुसऱ्या दिवशी मोजायचो, पुन्हा शून्य. याची कल्पना मला असायला हवी होती : चुन्याचे दगड आणि वाळू फॉस्फेट स्वतःला चिकटवून घेतात, आणि दोन महिने जीएफओने ओरबाडलेले ते दगडही भुकेले होते. आधी त्यांचं पोट भरणार, मग पाण्यात काही उरणार.

इथे चूक माझी. दहाव्या दिवशी धीर सुटला आणि मी डोस दुप्पट करायला सांगितला. दगडांचं पोट भरलं ते नेमकं त्याच आठवड्यात. फॉस्फेट ०.१४ वर गेलं आणि मागच्या काचेवर हिरवा थर आला. डोस बंद केला आणि वाट पाहिली. मित्र जीएफओच्या पिशवीकडे बघत होता; ती मी गाडीत टाकून घेऊन आलो. उतार आपोआप झाला, तीन आठवड्यांत ०.०६.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी वहिनींची तक्रार : काच पाच दिवसांत हिरवी होतेय. आम्ही दोघं खूश झालेलो बघून त्या वैतागल्या. तोपर्यंत अल्क ८.४ वर स्थिरावली होती, पाणीबदलही दहा टक्क्यांचे दर आठवड्याला सुरू झाले होते. खपाने मात्र सगळ्यात खालची पायरी गाठली : ०.५. चौथ्या आठवड्यात जाळी विरळ झाली आणि मग राहिलीच नाही. सहाव्यात खप ०.७. मॉन्टिपोराच्या कडेला नव्या वाढीची बारीक पांढरी रेघ आली आणि मधला रंग आधी तपकिरीकडे झुकला. मित्र धास्तावला, मला तो रंग फार आवडला. झूझँथेली परत वस्तीला आले होते. केशरी व्हायला आणखी महिना लागला.

एलईडी पाचव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी पाच टक्क्यांनी वाढवला आणि ६० वर थांबवला, मूळ होता तिथेच. टोकं जळलेल्यांपैकी वाचलेल्या ॲक्रोपोराने त्यांवर कातडी ओढून घेतली. सहा फ्रॅगपैकी चार जगले. हॅमर सगळ्यात आधी फुलला आणि सगळ्यात कमी कौतुक त्याच्या वाट्याला आलं.

बाराव्या आठवड्यात खप १.० डीकेएच. वहिनींनी वहीत अल्क आणि डोसच्या पुढे तिसरी उभी रेघ मारली आणि वर लिहिलं 'खप'. आता वजाबाकी त्याच करतात. मध्यंतरी एकदा खप दोन दिवसांत ०.२ ने वाढलेला दिसला तेव्हा त्यांनीच मित्राला सांगितलं. पाहिलं तर सोड्याच्या नळीत चुना धरून ती तुंबली होती.

सोळाव्या रविवारचं पान मला फोटो काढून पाठवलं. अल्क ८.३, डोस १३० मिलि, खप १.१५. नायट्रेट ६, फॉस्फेट ०.०५. काच चौथ्या दिवशी पुसली. खाली एक ओळ : 'नवीन गोगलगायी चार सोडल्या. एक लगेच मागच्या काचेवर चढली.'